रिमोट एकदा दाबला, पायऱ्या दोन पडल्या: लिनक्स मीडिया पीसीवर इन्फ्रारेडचं टायमिंग कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक, त्यावर रास्पबेरी पाय ओएस आणि कोडी हा मीडिया प्लेअर. जीपीआयओला (बोर्डवरच्या जोडणीच्या पिनांना) टीएसओपी ३८२३८ हा इन्फ्रारेड डोळा, म्हणजे रिसिव्हर, जोडलाय आणि जुन्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट वापरायचाय. मेनूत खालचा बाण एकदा दाबला तर कर्सर बऱ्याचदा दोन ओळी उतरतो. सिनेमा चालू असताना दहातली दोन-तीन बटणं पोहोचतच नाहीत. आवाज वाढवायला बटण दाबून धरलं तर आवाज मध्येच थांबतो. जुनी माहिती वाचून लर्क हा रिमोटचे सिग्नल ओळखणारा प्रोग्राम बसवला, त्याच्या फाइलीतले ईपीएस, एईपीएस (मोजमापात किती फरक चालेल) आणि गॅपचे (दोन सिग्नलांमधल्या अंतराचे) आकडे बदलले, रिमोट चपळ वाटावा म्हणून रिपीटचा डिले (बटण धरल्यावर पहिली जादा पायरी पडेपर्यंतचा वेळ) २०० आणि पिरियड (पुढच्या पायऱ्यांमधलं अंतर) ५० मिलिसेकंद केला. फरक काही नाही, आणि वडिलांनी वैतागून रिमोट बाजूला ठेवला.

वडिलांनी रिमोट ठेवून देणं, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्येष्ठ माणसं बटण हळू आणि दाबून धरतात, आपल्यासारखं टिचकी मारत नाहीत. आपल्या हातात नीट चालणारा रिमोट त्यांच्या हातात उड्या मारतो आणि त्यांना वाटतं आपलंच चुकतंय. म्हणून हे मुळापासून दुरुस्त करू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही तीन दुखणी आहेत, त्यांची कारणं तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि ती एका सेटिंगने जाणार नाहीत. बटणाचा प्रवास असा: रिमोटचा एलईडी, समोरचा डोळा, पायच्या पिनवर येणारा इंटरप्ट (प्रोसेसरला ‘इकडे बघ’ म्हणणारा इशारा), कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, डिकोडर जो पल्सवरून बटण ओळखतो, मग ‘बटण दाबलं’ आणि ‘बटण सोडलं’ अशा दोन घटना, आणि शेवटी कोडी. टायमिंग यातल्या कुठल्याही टप्प्यावर बिघडू शकतं. कुठे बिघडलंय हे आकड्यांत पाहिल्याशिवाय सेटिंग बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लर्कच्या फाइलीतले ईपीएस आणि एईपीएस हे त्याचंच उदाहरण. लर्क स्वतः पल्स मोजून उकलत असेल तेव्हाच ते आकडे कामाचे. तुमच्याकडे उकलण्याचं काम कर्नल करतोय, त्या फाइलीकडे तो बघतही नाही.

हा घोळ का होतो तेही सांगतो. पूर्वी रास्पबेरी पायवर लर्क-आरपीआय नावाचा वेगळा ड्रायव्हर होता आणि सगळा भार लर्कवर असायचा. पायच्या ४.१९ कर्नलपासून तो गेला आणि त्याच्या जागी जीपीआयओ-आयआर आला. हा कर्नलच्या आरसी-कोअरचा, म्हणजे रिमोट सांभाळणाऱ्या विभागाचा, भाग आहे आणि रिमोटला तो थेट कीबोर्डसारखं इनपुट डिव्हाइस बनवतो. जुने लेख मात्र अजून वाचले जातात. त्यांच्याप्रमाणे लर्क बसवलं की एकच पल्स दोन वाटांनी कोडीपर्यंत पोहोचू शकतो: एकदा इनपुट डिव्हाइस म्हणून, एकदा लर्कच्या सॉकेटमधून. म्हणून पहिलं काम, लर्कडी ही सर्व्हिस बंद करा आणि डिसेबलही करा. तिच्याबरोबर चालणारी लर्कची सॉकेट सर्व्हिस विसरू नका, नाहीतर ती लर्कडीला परत उठवते.

दुहेरी वाट आणखी एका प्रकारे तयार होते आणि ती पटकन लक्षात येत नाही. टीव्ही स्वतःही रिमोटची बटणं एचडीएमआय-सीईसीवरून (एचडीएमआयच्या तारेतून आज्ञा पाठवायची सोय) पायला पाठवतो. टीव्हीचाच रिमोट तुम्ही टीएसओपीला शिकवला असेल, तर एक घटना डोळ्यातून येते, दुसरी एचडीएमआयच्या तारेतून, आणि दोन्हींमध्ये थोडं अंतर असतं. मागे एका ओळखीच्यांच्या घरी मी अख्खी संध्याकाळ डोळ्याची जागा बदलत बसलो होतो. शेवटी डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली तरी मेनू हलत राहिला, तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून ही चिकटपट्टीची चाचणी मी सगळ्यात आधी करतो, अर्धा मिनिट लागतो. तुमचा रिमोट सेट-टॉप बॉक्सचा आहे, त्यामुळे ही शक्यता कमी; पण टीव्ही आणि तो बॉक्स एकाच कंपनीचे असतील तर करून पाहा.

आता मोजमाप. लागणारी दोन्ही साधनं व्ही-फोर-एल युटिल्सच्या कुटुंबातली आहेत: आयआर-सीटीएल कच्चे पल्स दाखवतं, आयआर-कीटेबल उकललेली बटणं दाखवतं. आधी नुसतं आयआर-कीटेबल चालवा. पाय ३ वर तुम्हाला बहुधा दोन डिव्हाइस दिसतील, एक एचडीएमआय-सीईसीचं आणि एक जीपीआयओ-आयआर-रेसीव्हचं. आरसी-शून्य कोण आणि आरसी-एक कोण हे बूटगणिक बदलू शकतं. ‘काल सेटिंग लागलं होतं, आज गेलं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं: सेटिंग गेलेलं नसतं, ते सीईसीच्या डिव्हाइसला लागलेलं असतं. म्हणून स्टार्टअपच्या स्क्रिप्टमध्ये आकडा गृहीत धरू नका, ड्रायव्हरच्या नावावरून डिव्हाइस शोधा.

त्यानंतर आयआर-सीटीएल ‘डॅश आर’ लावून चालवा, योग्य लर्क डिव्हाइस द्या (हे कर्नलचं आहे, लर्कडी बंद केलं तरी ते राहतं) आणि रिमोट हातात न घेता एक मिनिट नुसतं बघा. पडद्यावर काहीच यायला नको. काही आलं तर ते खोलीतून येतंय. उन्हाची तिरीप थेट डोळ्यावर येत असेल, इलेक्ट्रॉनिक चोकचा सीएफएल किंवा हलक्या प्रतीच्या ड्रायव्हरची एलईडी ट्यूब जवळ असेल, तर ४०–१००–६० मायक्रोसेकंदांचे असे चिटुकले पल्स तुरळक येत राहतात. ट्यूब बंद करून परत बघा. पश्चिमेच्या खिडकीसमोर टीव्ही असेल तर ही चाचणी संध्याकाळी पाचला घ्या, सकाळी नाही.

शांतता असेल तर आता एक बटण एकदाच दाबा. सेट-टॉप बॉक्सच्या आणि स्वस्त रिमोटमध्ये एनईसी हा प्रोटोकॉल, म्हणजे बटणाचा संदेश पाठवायची ठरलेली पद्धत, खूप आढळतो. तुमचा तोच असेल तर ओळ अशी सुरू होईल: +९०२० −४४८० +५७५ −५४५ +५७० −१६८० ... अधिक चिन्ह म्हणजे पल्स, म्हणजे उजेड आला; उणे म्हणजे मधली स्पेस. आकडे मायक्रोसेकंदात. कागदावरचं एनईसी असं आहे: सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब पल्स, ४.५ मिलिसेकंदांची स्पेस, मग ३२ बिट. प्रत्येक बिटात ५६२ चा पल्स, त्यानंतरची स्पेस ५६२ असेल तर शून्य आणि १६८७ असेल तर एक. पूर्ण फ्रेम, म्हणजे एका बटणाचा पूर्ण संदेश, सुमारे ६८ मिलिसेकंदांत संपते. बटण दाबून धरलं तर ही फ्रेम पुन्हा जात नाही. साधारण दर ११० मिलिसेकंदांनी एक आखूड रिपीट फ्रेम जाते: ९ मिलिसेकंदांचा पल्स, २.२५ ची स्पेस, एक छोटा पल्स, बस. सुरुवातच +८८९ किंवा +१७७८ अशी दिसली तर आरसी-५ असण्याची शक्यता, +२६६६ दिसलं तर आरसी-६, +२४०० दिसलं तर सोनी.

आता या आकड्यांकडे नीट बघायचं, कारण निदान इथेच होतं. मी पल्स आणि त्याच्या शेजारची स्पेस यांची बेरीज करतो. एनईसीमध्ये शून्य बिटाची बेरीज सुमारे ११२५ यायला हवी.

समजा सगळे पल्स एकसारखे लांब आणि सगळ्या स्पेस तितक्याच आखूड आहेत, उदाहरणार्थ +६८० −४४५, +६७५ −४५०. बेरीज ठीक आहे आणि बिघाड प्रत्येक बिटात सारखा आहे. हा डोळ्याचा स्वभाव आहे. टीएसओपीच्या डेटाशीटमध्येच लिहिलंय की बाहेर येणारा पल्स आत आलेल्या पल्सपेक्षा कॅरिअरची (पल्समधल्या उजेडाच्या जलद उघडझापीची) ५ आवर्तनं आखूड किंवा ६ आवर्तनं लांब असू शकतो. ३८ किलोहर्ट्झला हे सुमारे १३० ते १६० मायक्रोसेकंद होतात. रिमोट जवळ आणि सेल नवे असतील तर पल्स फुगतो, लांबून दाबलं तर आखडतो. कर्नलचा एनईसी डिकोडर बिटांच्या प्रत्येक आकड्याला अर्ध्या एककाची, म्हणजे सुमारे २८० मायक्रोसेकंदांची सूट देतो, त्यामुळे इथे काही दुरुस्त करायची गरज नाही. आरसी-६ चं एकक मात्र ४४४ चं आहे आणि त्याची निम्मी सूट २२२. तिथे हा फुगवटा नडायला लागतो.

दुसरी शक्यता, बहुतेक जोड्या नीट आहेत आणि मध्येच एक जोडी +८९० −२४० अशी. बेरीज ११३०, म्हणजे बरोबर. उजेड वेळेवर आला, वेळेवर गेला, पण ‘गेला’ याची नोंद कर्नलने ३२० मायक्रोसेकंद उशिरा केली. जीपीआयओ-आयआरमध्ये वेळ मोजणारं वेगळं हार्डवेअर नाही. पिनवरची पातळी बदलली की इंटरप्ट येतो, आणि तो इंटरप्ट प्रोसेसर ज्या क्षणी हातात घेतो तो क्षण वेळ म्हणून लिहिला जातो. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला असेल तर वेळ उशिराची पडते. उशीर फारच झाला तर दोन कडा एकातच विरतात आणि +१७०० सारखा भलताच आकडा दिसतो. सिनेमा चालू असताना बटणं गळण्याचं तुमच्याकडचं कारण हेच असावं, असं माझं मत आहे. खात्री करायला मेनूवर थांबून वीस दाब नोंदवा, मग जड व्हिडिओ लावून तेच वीस. फरक उघड दिसेल.

तिसरी शक्यता, बेरीजच चुकते आणि मध्येच +५० −९० असे तुकडे घुसलेले दिसतात. हा खोलीतला किंवा वीजपुरवठ्यातला गोंगाट. टीएसओपी कॅरिअर ओळखण्यासाठी स्वतःचा गेन सतत कमी-जास्त करत असतो, त्यामुळे पुरवठ्यातली लहर त्याला लगेच बोचते. पुरवठ्याच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि डोळ्याच्या अगदी पायाशी, पुरवठा आणि ग्राउंडच्या मध्ये, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं. कपॅसिटर पायच्या बाजूला लावून उपयोग नाही, विशेषतः डोळा टीव्हीखाली आणि पाय मागे अशी दीड-दोन मीटरची तार असेल तेव्हा.

इथेच एक सावधगिरी, कारण यात बोर्ड जातो. टीएसओपीला पुरवठा ३.३ व्होल्टचाच द्या. तो ५ व्होल्टवरही चालतो, पण मग त्याची आउटपुट पिनही ५ व्होल्टला जाते आणि पायच्या पिना ते सोसत नाहीत. उभार बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून आउटपुट, ग्राउंड, पुरवठा असा टीएसओपी ३८२३८ चा क्रम आहे. मिळतेजुळते दिसणारे दुसरे डोळे वेगळ्या क्रमाचे असू शकतात, जोडण्याआधी डेटाशीट बघाच. जीपीआयओ १८ ही जीपीआयओ-आयआरच्या ओव्हरलेची (डोळा कुठे जोडलाय हे कर्नलला सांगणाऱ्या सेटिंगची) ठरलेली पिन, म्हणजे हेडरवरची १२ वी. पिनांवर बसणारं आय-टू-एस साउंड कार्ड लावलं असेल तर त्यालाही हीच पिन लागते. अशा वेळी डोळा १७ वर, म्हणजे हेडरच्या ११ व्या पिनवर न्या आणि कॉन्फिग फाइलीतल्या ओव्हरलेच्या ओळीत पिनचा आकडा बदला. ही फाइल २०२३ च्या बुकवर्मपासून बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये आहे. जुन्या जागची बदलून परिणाम दिसणार नाही.

आता उशिरा नोंद होण्यावर उपाय. आधी पायचा पुरवठा बघा. व्हीसीजेनसीएमडी या पायच्या आज्ञेला गेट-थ्रॉटल्ड विचारलं आणि उत्तर शून्य नसेल, तर व्होल्टेज कमी पडलं होतं, किंवा तापल्यामुळे वेग आवरता घ्यावा लागला होता. व्होल्टेजची मर्यादा साधारण ४.६३ व्होल्टची आहे. मोबाइलच्या चार्जरवर पाय चालवणाऱ्या घरांत हे फार दिसतं. सिनेमा सुरू झाला की विजेची मागणी वाढते, व्होल्टेज पडतं, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि त्याच वेळी टीएसओपीच्या पुरवठ्यातही लहर उठते. म्हणजे एका खराब अडॅप्टरने दोन टप्प्यांवर बिघाड केला. अडॅप्टर आणि त्याची केबल दोन्ही बदला. पातळ केबलमध्येही व्होल्टेज पडतं.

एवढ्यानेही जोड्या बिघडत राहिल्या तर प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवून पाहा आणि सिनेमा यूएसबी डिस्कऐवजी नेटवर्कवरून, मग उलट असा लावून पाहा. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांत यूएसबीचा बराच भार प्रोसेसरवरच पडतो आणि नेटवर्कचं पोर्टही त्या यूएसबीमागेच आहे. पाय सोडून दुसऱ्या एआरएम बोर्डवर हेच करत असाल तर शत्रू वेगळा असू शकतो: निवांत असताना प्रोसेसर गाढ झोपेत जातो आणि पहिल्या कडेला जागा व्हायला वेळ घेतो. तिथे सिनेमा चालू असताना रिमोट नीट चालतो आणि मेनूत गळतो, म्हणजे तुमच्या बरोब्बर उलट. यासाठी २०२० मध्ये याच जीपीआयओ-आयआर ड्रायव्हरमध्ये सोय झाली. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डचं हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलीत) ऑटोसस्पेंड पिरियडचा आकडा दिला की रिमोट वापरात असेपर्यंत प्रोसेसरला गाढ झोपू दिलं जात नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर, ज्या घरात रिमोट वडीलधारी माणसं वापरणार आहेत तिथे मी जीपीआयओचा हट्ट धरत नाही. एमसीई (विंडोज मीडिया सेंटर) पद्धतीचा यूएसबी रिसिव्हर लावतो. पल्स मोजण्याचं काम त्याच्या आतली चिप करते, ५० मायक्रोसेकंदांच्या पट्टीने, आणि मोजलेले आकडे कर्नलला देते. मग प्रोसेसर कितीही गुंतलेला असो, आकडे बिघडत नाहीत, फार तर थोडे उशिरा पोहोचतात. इंटेलच्या नक या छोट्या पीसीच्या बऱ्याच मॉडेलांत पुढच्या पट्टीमागे बसवलेला डोळाही याच तत्त्वाचा. पण टीएसओपीवर शिकायला मिळतं ते यूएसबीवर मिळत नाही हेही खरं, आणि तुमच्याकडे तो आधीच जोडलेला आहे. म्हणून आधी वरचे उपाय करा.

आता दुहेरी पायरी. हे दुखणं डोळ्यात किंवा उजेडात नाही, ते तुम्ही लावलेल्या २०० च्या डिलेमध्ये आहे. आयआर-कीटेबल ‘डॅश टी’ लावून चालवा आणि वडिलांना एकदाच बटण दाबायला सांगा. की-डाउन (दाबलं) आणि की-अप (सोडलं) अशा ओळी येतील, प्रत्येकीपुढे वेळ. पहिल्या की-डाउनपासून की-अपपर्यंतचं अंतर मोजा.

इन्फ्रारेड रिमोट ‘बटण सोडलं’ हे कधीच सांगत नाही. तो फक्त बोलायचा थांबतो. त्यामुळे कर्नलला अंदाज करावा लागतो: शेवटच्या फ्रेमनंतर अमुक इतका वेळ काही आलं नाही, तर सोडलं असं धरायचं. जुन्या कर्नलमध्ये हा वेळ सरसकट २५० मिलिसेकंद होता. नंतरच्या कर्नलमध्ये तो प्रोटोकॉलनुसार ठरतो, एनईसीसाठी ११० मिलिसेकंद अधिक रिसिव्हरचा टाइमआउट (किती शांततेनंतर सिग्नल संपला असं धरायचं तो वेळ). आता हिशेब करा. वडिलांनी बटण ३०० मिलिसेकंद दाबलं. पहिली फ्रेम ६८ ला संपली, टाइमआउट १६ च्या आसपास धरला तर की-डाउन ८५ च्या सुमाराला. रिपीट फ्रेम ११० ला आणि २२० ला, शेवटची ओळखली गेली सुमारे २३१ ला. त्यात ११० आणि १६ मिळवले की की-अप ३५७ ला. म्हणजे सिस्टिमच्या लेखी बटण २७० मिलिसेकंद दाबलेलं होतं. तुमचा डिले २०० आणि पिरियड ५०. म्हणजे की-डाउननंतर २०० ला एक जादा पायरी, २५० ला दुसरी. एका दाबाच्या तीन पायऱ्या! तुमची टिचकी १०० मिलिसेकंदांची असेल तर रिपीट फ्रेम जायच्या आतच बोट सुटतं आणि तुम्हाला एकच पायरी दिसते. म्हणून घरात एकाला रिमोट चांगला वाटतो आणि दुसऱ्याला वाईट. दोघंही खरं सांगत असतात.

आरसी-कोअरचे मूळ आकडे डिले ५०० आणि पिरियड १२५ आहेत, आणि ते विचार करून ठेवलेले आहेत. आयआर-कीटेबलला ‘डॅश मोठा डी’ ५०० आणि ‘डॅश मोठा पी’ १२५ देऊन ते परत आणा. ५०० फारच मंद वाटलं तर ४०० पर्यंत उतरा. पण घरातल्या सगळ्यात हळू बोटाचं की-डाउन ते की-अप अंतर मोजून त्यात किमान १०० मिळवल्याशिवाय त्याखाली जाऊ नका. कोडी एक्स सर्व्हरवर (लिनक्सचा पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम) चालत असेल तर रिपीट एक्स स्वतः करतो आणि कर्नलचा आकडा तिथे लागू पडत नाही. अशा वेळी एक्ससेट आर रेट या आज्ञेने तोच आकडा तिथेही द्या.

मग चपळपणाचं काय? डिले कमी करण्यामागे तुमचा हेतू तोच होता. चपळपणा डिलेतून येत नाही, टाइमआउटमधून येतो. फ्रेम खरंच संपली का, हे एनईसी डिकोडरला शेवटच्या स्पेसवरून कळतं, आणि ती स्पेस नोंदवली जाते एकतर पुढचा पल्स आल्यावर किंवा टाइमआउट झाल्यावर. जीपीआयओ-आयआरचा ठरलेला टाइमआउट १२५ मिलिसेकंद. तुम्ही पटकन टिचकी मारली तर पुढचा पल्स नाहीच, म्हणजे ६८ अधिक १२५, जवळजवळ १९३ मिलिसेकंदांनी कर्सर हलणार. हा उशीर बोटाला जाणवतो. नंतरचे कर्नल चालू असलेल्या प्रोटोकॉलांपैकी ज्याला सर्वांत जास्त वाट बघावी लागते त्याच्यापुरता टाइमआउट ठेवतात. यातून सरळ उपाय निघतो: आयआर-कीटेबलला ‘डॅश लहान पी’ देऊन फक्त एनईसी चालू ठेवा, बाकी सगळे प्रोटोकॉल बंद. टाइमआउट आपोआप खाली येतो, आणि एकच सिग्नल दोन डिकोडरांनी आपापल्या परीने ओळखण्याची शक्यताही जाते. हातानेच ठेवायचा असेल तर आयआर-सीटीएलला टाइमआउटच्या पर्यायात २०००० मायक्रोसेकंद द्या. फार खाली नेऊ नका, सुरुवातीची ४.५ मिलिसेकंदांची स्पेस तरी त्यात आरामात बसायला हवी.

आवाज मध्येच थांबण्याचं उत्तरही याच हिशेबात आहे. बटण धरून ठेवल्यावर एनईसी फक्त आखूड रिपीट पाठवतो, आणि त्यात बटण कोणतं हे नसतं. एक रिपीट गळला की २२० मिलिसेकंदांची पोकळी पडते, त्याआधीच १२६ ला की-अप होऊन जातं, आणि त्यानंतर आलेल्या रिपीटला कर्नल जुमानत नाही, कारण ‘कशाचा रिपीट’ हेच त्याला माहीत नसतं. जुन्या २५० च्या काळात एक गळालेला रिपीट खपून जायचा. म्हणून नवीन कर्नल टाकल्यावर ‘आधी चालत होतं, आता तुटतं’ असं वाटतं, आणि तो भास नाही. यावर खरा उपाय रिपीट गळू न देणं, म्हणजे वरचा अडॅप्टर, कपॅसिटर आणि इंटरप्टचा भाग. तोपर्यंत तात्पुरता टाइमआउट १२५००० मायक्रोसेकंद करून बघा. धरलेलं बटण तुटायचं थांबेल, पण टिचकीचा उशीर परत येईल. वडिलांसाठी मी हाच सौदा करीन.

रिमोटबद्दल दोन शब्द. सेल कमी झाले की आधी पल्ला कमी होतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर एलईडी धरून बटण दाबा, जांभळट चमक दिसते. ती बारीक किंवा तुटक असेल तर आधी सेल बदला, मग मोजा. आणि युनिव्हर्सल रिमोटला आरसी-५ किंवा आरसी-६ ‘शिकवलेला’ असेल तर एक वेगळाच त्रास होतो. या प्रोटोकॉलांत टॉगल नावाचा एक बिट असतो. दर नव्या दाबाला तो उलटतो, त्यावरून नवा दाब कोणता आणि धरलेलं बटण कोणतं हे कळतं. शिकणारा रिमोट एकच नमुना साठवतो, टॉगल गोठतो, आणि पटापट तीनदा दाबलं तर कर्नलला ते एकच धरलेलं बटण वाटतं. इथे लिनक्समध्ये कितीही शोधलं तरी चूक सापडणार नाही. रिमोटच्या तयार कोडमधून तो प्रकार निवडायचा, शिकवायचा नाही.

सगळं लावून झालं की शेवटची चाचणी स्वतः घेऊ नका. आयआर-कीटेबल ‘डॅश टी’ लावून त्याचा आउटपुट फाइलीत जाऊ द्या, सिनेमा चालू ठेवा आणि वडिलांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून मेनूत पहिल्या ओळीवरून दहाव्या ओळीवर जायला सांगा, मग परत वर. मध्ये काही बोलू नका, घाई करू नका. नंतर फाइल उघडून की-डाउन मोजा. जाताना नऊ, येताना नऊ, एकूण अठरा हव्यात. अठराच असतील आणि तरी पडद्यावर कर्सर जास्त हलला असेल, तर राहिलेली गडबड कोडीच्या बाजूची किंवा दुहेरी वाटेची. अठरापेक्षा कमी असतील तर कच्च्या पल्सकडे परत. आणि त्या अठरांतलं सगळ्यात लांब अंतर किती ते लिहून ठेवा. त्यात १०० मिळवून येईल तो तुमच्या घराचा डिले.